पिस्गा राष्ट्रीय वन
पिस्गा राष्ट्रीय वन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तर कॅरोलायना राज्याच्या पश्चिम भागात ॲपलाचियन पर्वतश्रेणीत पसरलेले संरक्षित वन व पर्यटनक्षेत्र. क्षेत्रफळ ५ लाख एकरांहून अधिक (सु. २ लाख हे.). ते सलग नसून ॲशव्हिल शहराच्या आसपास तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले आहे. त्याचा कारभार कृषी खात्याच्या वनसेवेकडे आहे. राष्ट्रीय उद्याने अंतर्गत खात्याकडे असतात. हा भेद केवळ कागदोपत्री नाही. राष्ट्रीय वनात लाकूडतोड होते, तसेच राज्याचा परवाना घेऊन शिकार व मासेमारीही करता येते.

नाव येथील पिस्गा शिखरावरून (उंची ५,७२१ फुट, सु. १,७४४ मी.) पडले आणि शिखराचे नाव बायबलमधून आले. इस्राएली लोकांचा नेता मोशे याला देवाने देऊ केलेला ‘वचनदत्त’ देश ज्या माथ्यावरून दिसला, तो मराठी बायबलमधील ‘पिसगा’ हाच. हे नाव येथे कोणी आणले याविषयी मात्र मतभेद आहेत. एका मतानुसार, १७७६ मध्ये येथील मूळ रहिवासी चेरोकी लोकांविरुद्ध निघालेल्या सेनानी रदरफर्ड यांच्या मोहिमेतील धर्मोपदेशक जेम्स हॉल यांना फ्रेंच ब्रॉड नदीचे खोरे पाहून या प्रसंगाची आठवण झाली. दुसऱ्या मतानुसार श्रेय प्रेस्बिटेरियन पंथाचे शिक्षक-धर्मोपदेशक जॉर्ज न्यूटन यांचे. हॉल त्या मोहिमेत होते, ही बाब पहिल्या मताला अनुकूल आहे. तथापि तेवढ्यावरून नामकरणाचा काळ निश्चित होत नाही.

‘पूर्वेकडील पहिले राष्ट्रीय वन’ हे या वनाचे बिरुदही जपूनच वापरावे लागते. मिसिसिपी नदीच्या पूर्वेस फ्लॉरिडातील ओकाला राष्ट्रीय वन १९०८ मध्येच घोषित झाले होते. पण ते मुळातच सरकारी जमिनीवर होते. पिस्गाची जमीन १९११ च्या वीक्स कायद्यान्वये खाजगी मालकांकडून विकत घेण्यात आली. अशा खरेदीतून उभे राहिलेले पहिले वन, एवढ्याच अर्थाने ते बिरुद ग्राह्य वाटते. धनाढ्य जमीनमालक जॉर्ज व्हँडरबिल्ट यांच्या मृत्यूनंतर (१९१४) त्यांच्या पत्नी इडिथ यांनी बिल्टमोर इस्टेटीतील सु. ८७,००० एकर जंगल सरकारला विकले व १९१६ मध्ये वनाची घोषणा झाली. याच इस्टेटीत वनतज्ज्ञ गिफर्ड पिंशो व त्यांच्यामागून कार्ल शेंक यांनी शास्त्रीय वनव्यवस्थापन केले. शेंक यांनी १८९८ मध्ये काढलेली वनविद्याशाळा देशातील पहिली मानतात. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातही वनविद्येचे महाविद्यालय सुरू झाल्याने हे अग्रत्व थोडक्याच अंतराचे आहे. शाळेची जागा ‘क्रेडल ऑफ फॉरेस्ट्री’ या नावाने जतन केली आहे.

प्रवाशांचा ओढा मुख्यतः ब्लू रिज पार्कवे हा निसर्गरम्य रस्ता व २७६ क्रमांकाचा महामार्ग यांच्या परिसरात असतो. लुकिंग ग्लास धबधबा (सु. ६० फुट) रस्त्यालगतच आहे, स्लायडिंग रॉक या नैसर्गिक घसरगुंडीवरून लोक खालच्या डोहात उतरतात. लुकिंग ग्लास रॉक हा ग्रॅनिटी घुमट प्रस्तरारोहणासाठी प्रसिद्ध असला, तरी बहिरी ससाण्याच्या विणीच्या काळात त्याच्या काही कड्यांवर चढाईस मनाई असते. काळ्या अस्वलांचा वावर सर्वत्र आहे. शायनिंग रॉकसारख्या भागांत मुक्काम करणाऱ्यांना अन्न अस्वलाला उघडता येणार नाही अशा कठीण डब्यातच ठेवावे लागते. सॅलॅमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचरांच्या विविधतेसाठी हा पर्वतप्रदेश विशेष ख्यात आहे. मिसिसिपीच्या पूर्वेचे सर्वोच्च शिखर मिचेल (६,६८४ फुट) वनाच्या लगत असूनही त्यात मोडत नाही. ते राज्य उद्यानात आहे.

लिनव्हिल घळ व शायनिंग रॉक यांना १९६४ च्या कायद्याने निर्जन वनक्षेत्राचा दर्जा मिळाला. तेथे मोटारवाहने व सायकली वर्ज्य आहेत. सप्टेंबर २०२४ मधील ‘हेलीन’ वादळात वनाची मोठी हानी होऊन अनेक वाटा व रस्ते बंद करावे लागले.