मद्यपान करून वाहन चालवणे : पहिला गुन्हा (भारतीय कायदा)

मद्याच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली मोटार वाहन चालवणे हा भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खालील फौजदारी गुन्हा आहे. बोलण्यात याला ‘ड्रंक अँड ड्राइव्हची केस’ म्हणतात. सिग्नल तोडला, हेल्मेट घातले नाही, की चलन भरून मोकळे होता येते, तशी ही बाब नाही. तडजोड रक्कम घेऊन जे गुन्हे मिटवता येतात त्यांची यादी कलम २०० मध्ये आहे आणि त्या यादीत १८५ नाही. म्हणून पहिल्यांदाच सापडलेल्या माणसाचे प्रकरणही न्यायालयातच जाते. अनेक जण हे समजून न घेता ‘दंड भरला की सुटलो’ म्हणून गुन्हा कबूल करतात. आपण दोषसिद्धी पत्करली आहे हे त्यांना परवाना निलंबित झाल्यावर कळते.

गुन्हा केव्हा होतो

कलमाचे दोन भाग आहेत. मद्याच्या बाबतीत कायदा आकड्यावर चालतो: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा पूर्ण होतो. गाडी नीट चालली होती, कोणाला धक्का लागला नाही, बोलणे स्पष्ट होते, यांपैकी काहीही सांगून उपयोग नसतो. अमली पदार्थांच्या बाबतीत असा आकडा नाही. तिथे वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता, हे सरकारपक्षाला सिद्ध करावे लागते. दुचाकी, रिक्षा, मोटार, ट्रक सगळ्यांना नियम एकच. ‘चालवण्याचा प्रयत्न’ही गुन्ह्यात मोडतो. आणि आपल्या मित्राला झेपत नाही हे दिसत असूनही गाडीची किल्ली त्याच्या हातात देणारा माणूस कलम १८८ खाली, अपप्रेरणेसाठी (म्हणजे गुन्ह्याला साथ दिल्याबद्दल), तेवढ्याच शिक्षेला पात्र ठरू शकतो.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती पेग, याचे सरसकट उत्तर देता येत नाही. वजन, स्त्री-पुरुष भेद, पोट रिकामे होते की भरलेले आणि किती वेळात प्यायले यांवर ते ठरते. शरीर अल्कोहोल बाहेर टाकते ते मात्र ठरावीक संथ गतीने, साधारणपणे तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास. मध्यरात्री रक्तात १२० मिलिग्रॅम असलेल्या माणसाला ३० वर येण्यास सुमारे सहा तास लागतात. कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. त्यामुळे झोप काढून पहाटे गाडी बाहेर काढणारा माणूस स्वतःला शुद्धीवर समजत असला, तरी कायद्याच्या लेखी तो प्यायलेलाच असू शकतो.

चाचणी आणि पहिले दोन तास

कलम २०३ नुसार गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकृत अधिकारी वाजवी संशय असल्यास चालकाला नळीत फुंकायला सांगू शकतो. चाचणीचे उपकरण केंद्र सरकारने राजपत्रातील अधिसूचनेने मान्य केलेल्या प्रकारचे असावे लागते. उपकरणाने अल्कोहोल दाखवले, किंवा संशय असूनही चालकाने फुंकण्यास नकार दिला, तर वॉरंटशिवाय अटक करता येते. अटकेनंतर पोलीस ठाण्यात पुन्हा श्वासचाचणी देण्याची संधी मिळायला हवी. पुढे कलम २०४ खाली नोंदणीकृत डॉक्टरमार्फत रक्ताचा नमुना घेता येतो. आरोपी स्त्री आणि डॉक्टर पुरुष असेल, तर दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच नमुना घ्यायचा असतो.

कलम २०२ ची तरतूद फार महत्त्वाची आहे. अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर आरोपीला कोठडीतून सोडावे लागते. याचा अर्थ खटलाच बाद झाला, असा अनेकदा लावला जातो. तो बरोबर नाही. कायद्याने सांगितलेला परिणाम कोठडीतून सुटका एवढाच आहे. मात्र उशिरा घेतलेल्या नमुन्याचे पुराव्यातले वजन कमी होते, आणि म्हणूनच अटकेची नेमकी वेळ कागदावर काय लिहिली आहे याला पुढे मोठी किंमत येते.

‘फुंकलोच नाही तर पुरावाच नाही’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. योग्य कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ खाली सरकारपक्षाच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानला जाऊ शकतो.

शिक्षा आणि परवाना

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ पूर्वी दंडाची कमाल मर्यादा दोन हजार होती. त्या दिवशी लागू झालेल्या कायद्यातील दुरुस्तीने रक्कम वाढवली आणि ‘पर्यंत’ हा शब्दही काढून टाकला. दुसऱ्या व पुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच ही वाढीव शिक्षा लागू होई. ती अट आता नाही, त्यामुळे आजची कबुली पुढे आयुष्यभर मोजली जाऊ शकते.

सर्वसामान्य माणसाला दंडापेक्षा परवान्याचा फटका जास्त बसतो. पोलीस परवाना जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे पाठवतात. त्याची पावती मिळते, पण त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. आरटीओ कलम १९ खाली पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवू शकतो. त्याआधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. न्यायालयाची वाट वेगळी आहे. कलम १८५ खाली दोषी ठरवले की कलम २०(२) नुसार न्यायालयाने किमान सहा महिन्यांसाठी अपात्र ठरवायचे असते. स्टिअरिंगवर ज्याचे पोट आहे त्या चालकासाठी हे सहा महिने दहा हजारांहून कितीतरी महाग पडतात. अपात्रतेच्या काळात गाडी चालवली तर कलम १८२ खाली नवा गुन्हा होतो.

विम्याचेही तसेच. मद्याच्या अमलाखाली अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा सहसा नाकारला जातो. श्वासचाचणी झालेली नसली तरी इतर पुराव्यांवरून विमा कंपनी अंमल सिद्ध करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. परदेशी व्हिसाच्या किंवा काही नोकऱ्यांच्या अर्जात दोषसिद्धी विचारली जाते; तिथे ‘फक्त ट्रॅफिकची केस’ असे लिहून चालत नाही.

बचावाचे मार्ग

कलम १८५ चा एकटा गुन्हा जामीनपात्र आहे. वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे, आणि कोठडीत असलेल्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली मोफत वकील मिळू शकतो.

बचावाचे काम बहुतांशी कागदांवर चालते. चाचणी कोणी घेतली, उपकरण मान्य प्रकारचे होते का, त्याचे कॅलिब्रेशन (म्हणजे अचूकतेची तपासणी) कधी झाले, छापील निकालावर नाव, वेळ आणि आकडा जुळतात का, हे आधी पाहावे. नुकतेच प्यायलेले मद्य किंवा अल्कोहोल असलेला माउथवॉश तोंडात राहिल्यास आकडा फुगतो, म्हणून पंधरा मिनिटे थांबून चाचणी घेण्याची पद्धत आहे. रक्ताच्या नमुन्याबाबत प्रश्न आणखी बारीक असतात. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसली होती का? कुपीत सोडियम फ्लोराइडसारखे परिरक्षक, म्हणजे नमुना खराब होऊ न देणारे रसायन, होते का? ते नसेल तर साठवणुकीत नमुन्यातच अल्कोहोल तयार होऊ शकते. सील कोणी केले, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नमुना कोणाच्या ताब्यात होता, ही साखळी कुठे तुटली तर संशयाचा फायदा आरोपीला मिळतो.

चाचणीच झाली नसेल, तर केवळ वासावर दोषसिद्धी टिकवणे कठीण असते. बच्चूभाई हसनअली करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७१ च्या प्रकरणात तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेली बुबुळे आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून, रक्त वा लघवीची तपासणी नसताना, आरोपी नशेत होता असा ठाम निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. गाडी आपण चालवतच नव्हतो, हा बचावही खरा असेल तेव्हा भक्कम ठरतो.

पुरावा पक्का असेल, तर खोटे नाकारत बसण्यापेक्षा शिक्षेवर युक्तिवाद करणे शहाणपणाचे. पूर्वी दोषसिद्धी नसलेल्यांना अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची विनंती करता येते. ती मान्य करणे न्यायालयाच्या विवेकाधीन आहे.

अपघात झाला असेल, तर

कोणी जखमी झाले किंवा दगावले, की प्रकरण ‘पहिला गुन्हा’ या चौकटीत राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि परिणामाची जाणीव असूनही गाडी चालवली असे दिसल्यास सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लागू शकते. मुंबईत २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांचा बळी घेणाऱ्या चालकाला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, तेव्हाच्या दंडसंहितेप्रमाणे, सदोष मनुष्यवधासाठीच दोषी ठरवले होते.

अपील

आरटीओच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. दंडाधिकाऱ्याच्या निकालाविरुद्धचे अपील सत्र न्यायालयात, तेही तीस दिवसांच्या आत करावे लागते. गुन्हा कबूल केला असेल तर मात्र दोषसिद्धीलाच आव्हान देण्याची ही वाट जवळपास बंद होते. शिक्षा किती आणि ती कायद्याला धरून आहे का, एवढ्यापुरतेच अपील उरते.