उड्या मारा, पण ओलं करू नका

जुलै 2021. टोकियोच्या ऑलिम्पिक ग्रामात खेळाडूंना पुठ्ठ्याच्या खाटा मिळाल्या आणि अफवा उठली, की दोघं बसले तर मोडाव्यात म्हणूनच त्या तशा केल्या आहेत. आयर्लंडचा जिम्नॅस्ट रीस मॅक्लेनाघन खाटेवर चढला, दणादण उड्या मारल्या आणि व्हिडिओ टाकला. खाट जशीच्या तशी! एअरवीव्ह या जपानी कंपनीनं ती 200 किलो वजनाच्या हिशेबानं बनवली होती. (2024 मध्ये पॅरिसलाही पुठ्ठ्याच्याच खाटा होत्या. हा गडी तिथून पॉमेल हॉर्स या जिम्नॅस्टिक्स प्रकाराचं सुवर्णपदक घेऊन गेला.)

कागदात एवढा जोर येतो कुठून? किराणा दुकानातला खोका फाडून त्याची कड बघा. दोन सपाट कागदांच्या मध्ये पन्हळी पत्र्यासारखा नागमोडी कागद, स्टार्चच्या खळीनं चिकटवलेला. पुठ्ठा वाकताना एका बाजूचा कागद ताणला जातो, दुसऱ्या बाजूचा दाबला जातो. पन्हळ या दोघांना एकमेकांपासून लांब धरते. जितकं अंतर जास्त, तितकं वाकवणं अवघड. आणि मध्ये बहुतेक हवाच, म्हणून वजन नाही. लोखंडी गर्डरचा हिशेबही हाच.

खरी गोम दिशेत आहे. पन्हळी उभ्या ठेवून पुठ्ठा वरून दाबला तर प्रत्येक पन्हळ इवलासा खांब होते. आडव्या ठेवल्या तर पुठ्ठा चटकन दुमडतो. म्हणून पुठ्ठ्याच्या फर्निचरच्या पायांमध्ये पन्हळी उभ्या ठेवतात आणि पट्ट्या खाचा पाडून एकमेकींत अडकवतात, म्हणजे त्या कलंडत नाहीत. वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी 1972 च्या ‘विगल’ खुर्चीत पुठ्ठ्याच्या थरांवर थर चिकटवताना पन्हळींची दिशा आलटून-पालटून ठेवली.

वैरी एकच, ओल. कागदाचे तंतू ज्या हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, ते पाणी शिरलं की सैल पडतात. हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली की पुठ्ठ्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे कोकणातला जुलै! वर प्लास्टिकचा थर दिला तर पाणी अडतं, पण मग रद्दीवाला नाक मुरडतो.

त्यामुळे आजोबांच्या सागवानी टेबलाची जागा पुठ्ठ्यानं घ्यावी, असं मला वाटत नाही. टेबल तीन पिढ्या टिकतं, तेच पर्यावरणाला स्वस्त. पुठ्ठा शोभतो तो थोड्या दिवसांच्या मुक्कामाला, नाहीतर जिथे काहीच नसतं तिथे. मुंबईच्या ‘आरंभ’ संस्थेनं टाकाऊ खोके कापून, घड्या घालून शाळकरी मुलांसाठी दप्तर केलं. वर्गात जमिनीवर बसलं की त्याच दप्तराचं उतरतं मेज होतं.