चुलीचा वैल

सुधारित चूल म्हटलं की डोळ्यांपुढे धुरांडं येतं. पण चुलीच्या सुधारणेचा इतिहास धुरांड्यापासून मोजला, तर चिखल थापून आधीची चूल घडवणाऱ्या बायकांची अक्कल हिशेबातच येत नाही. म्हणून सुरुवात तीन दगडांपासूनच करायला हवी.

उघड्यावर तीन दगड मांडले की भांडं डुगडुगत नाही, मात्र आग चहूबाजूंनी वाऱ्यावर जाते. दगडांमधल्या फटी मातीने लिंपून एकच तोंड मोकळं ठेवलं, तिथे चूल जन्माला आली. तीन दगडांची आठवण म्हणून काठावर तीन उंचवटे राहिले. ते शोभेचे नाहीत. भांडं त्यांच्यावर टेकतं आणि मधल्या फटींतून जाळाला वाट मिळते. ते बुटके केले तर जाळ कोंडतो, उंच केले तर भांड्याला लागतच नाही. नुसती माती तापून तडकते, म्हणून तीत भुसा किंवा तूस आणि शेण मळायचं, आणि रोज सकाळी पोतेरं फिरवून बारीक भेगा बुजवायच्या.

मागच्या अंगाला भांडी टेकवायला भानवस. आणि शेजारी वैल, म्हणजे दुसरं भांडं ठेवायची जागा. कुठे त्याला औल म्हणतात. चुलीच्या पोटातून वैलाकडे एक भोक असतं. मुख्य भांड्याखालून निसटलेला जाळ आणि ऊन धूर त्या भोकातून तिकडे जातो. वैलाला वेगळं सरपण लागत नाही. आजोळी चुलीवर तवा असे आणि वैलावर डाळ. आजी तव्यावरून भाकरी उचलायची आणि चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांपुढे उभी करायची. ती टम्म फुगेपर्यंत वैलावरची डाळ रटरटू लागलेली असे. वाया जाणारी आच पकडण्याची ही युक्ती कुठल्याही प्रयोगशाळेआधीची आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत, ग्रामोद्योगाच्या कामातून, मगन चूल पुढे आली. एका आगीवर ओळीने भांडी आणि शेवटी धूर बाहेर नेणारं धुरांडं. माझ्या मते हा वैलाचाच पुढचा टप्पा. हैदराबादचे एस. पी. राजू यांनी 1953 मध्ये बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका लिहिली. मग 1983 मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. उघड्या चुलीत लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचते. नव्या मातीच्या चुलीने निदान 20 टक्के पोचवावी, ही अपेक्षा होती. 2002 मध्ये केंद्राने हात काढून घेतला, तोवर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या होत्या.

त्यातल्या पुष्कळ थोड्याच वर्षांत मोडल्या किंवा पडून राहिल्या. धुरांड्याच्या नळात काजळी साचते, ती वेळेवर काढली नाही की धूर पुन्हा घरातच. आच वाचवायला तोंड अरुंद केलं, की भाकरी उभी करायला जागा उरत नाही. स्वयंपाक करणारीला चूल मांडण्याआधी विचारलं असतं, तर या गोष्टी तिने पहिल्याच दिवशी सांगितल्या असत्या. आणि हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता. त्या धुराने तिचे डोळे आणि फुप्फुसं जात होती.

नंतरचा महत्त्वाचा भाग म्हणजे जाळी. लाकूड जमिनीवर न ठेवता जाळीवर ठेवलं, की राख खाली गळते, हवा खालून वर चढते, जळण नीट पेटतं आणि धूर कमी होतो. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी सुरू केलेल्या ‘आरती’ संस्थेच्या चुलींपैकी ‘भाग्यलक्ष्मी’ला तर धुरांडंही नाही. ती दोन भांड्यांची आहे. पहिल्याखाली जाळ, आणि त्याची उरलेली आच दुसऱ्याला.