स्वत्व

(धर्मशास्त्र). वस्तूवरील मालकी. ती लोकव्यवहारातूनच सिद्ध होते (लौकिक), की शास्त्राने सांगितली म्हणून असते (शास्त्रैकगम्य), हा वाद दायविभागाच्या (वारसाधनाच्या वाटणीच्या) विवेचनाच्या आरंभी येतो. त्याची सविस्तर मांडणी विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेत आहे. समाप्तीच्या श्लोकांत कल्याण नगरी आणि राजा विक्रमार्क यांची स्तुती असल्याने ही टीका चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या काळातली, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरची किंवा बाराव्याच्या आरंभीची मानतात.

पूर्वपक्ष (खंडनासाठी आधी मांडलेली बाजू; येथे मालकी शास्त्रैकगम्य, ही) धर्मसूत्रकार गौतमाच्या सूत्रावर उभा आहे: वारसा, खरेदी, वाटणी, बेवारस वस्तूचा स्वीकार आणि ठेवा सापडणे यांनी माणूस स्वामी होतो. मालकी निव्वळ लौकिक असती, तर चोरीचा माल चोराचाच झाला असता आणि ‘माझे याने चोरले’ असे कोणी म्हणू शकले नसते. शिवाय सोने की चांदी हे जसे पाहून कळते, तसे धन कोणाचे हेही कळले असते. तंटे उद्भवलेच नसते. पुढील निबंधकार (धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ रचणारे) हे मत धारेश्वराचे म्हणून देतात. धारेश्वर म्हणजे परमार राजा भोज, ही ओळख सामान्यतः मान्य आहे.

विज्ञानेश्वराचे उत्तर असे: भाताप्रमाणे मालकीनेही ऐहिक कामे साधतात, यज्ञातील आहवनीय अग्नीचे तसे नाही. शास्त्राचा गंध नसलेले सीमावासीही खरेदी-विक्री करतात. ‘कोणाचे’ ही शंका येते ती खरेदीसारख्या साधनाविषयीच्या शंकेमुळे. चोरी हे मालकीचे साधन म्हणून लोकांतही प्रसिद्ध नाही. हा युक्तिवाद अधिक सरस वाटतो. मात्र जन्मानेच मुलाला वडिलोपार्जित धनात स्वत्व मिळते, हेही तो ‘लोकप्रसिद्ध’ म्हणूनच मांडतो, तेव्हा पकड थोडी सैल होते. बंगालमध्ये प्रमाण ठरलेल्या ‘दायभागा’त जीमूतवाहनाने जन्मस्वत्व नाकारले, तेथे बाप असेतो मुलाचे काही नाही.

जमिनीबाबत जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा (६.७) आधार घेतात: विश्वजित् यज्ञात सर्वस्व द्यायचे असले, तरी राजा भूमी दान करू शकत नाही. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने ‘व्यवहारमयूखा’त हेच स्पष्ट केले: शेताचे स्वत्व भौमिकांचे (जमीनधारकांचे), राजाला केवळ कर. इनामपत्रांच्या प्रदेशात हे वाक्य कोणाला रुचले असेल, हा वेगळा प्रश्न.

ब्रिटिश न्यायालयांनी महाराष्ट्रात ‘मिताक्षरा’ प्रमाण धरली; गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकणात ‘मयूखा’ला अग्रक्रम दिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळून कलम ३०० अ मध्ये नेला: कायद्याच्या अधिकाराशिवाय मालमत्ता काढून घेता येत नाही. मालकी पुन्हा लिखित नियमावर टेकली; येथे पूर्वपक्षाची सरशी झाली म्हणावे लागेल. जन्मस्वत्व मात्र टिकले. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार अधिनियमात ते मुलीलाही मिळाले.