म्हातारपणातला मेलॅनोमा

मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींचा कॅन्सर. त्वचेच्या बाकीच्या कॅन्सरपेक्षा हा कमी जणांना होतो पण जीव जास्त घेतो, कारण वेळेत काढला नाही तर लिव्हर, फुफ्फुसं, मेंदू कुठेही पोचतो. गोऱ्या लोकांच्या बऱ्याच देशांत साठी-सत्तरी ओलांडलेल्यांमध्ये याचं प्रमाण वाढत गेलंय, पुरुषांमध्ये जास्तच.

सगळ्यात जास्त केसेस ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. ब्रिटन-आयर्लंडकडून आलेल्यांची गोरी कातडी आणि वर तिथलं कडक ऊन, हे मुळात जुळणारं नव्हतंच. उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण पेशींच्या डीएनएमध्ये बिघाड करतात, तो साठत जातो आणि कॅन्सर कित्येक दशकांनी दिसतो. लहानपणी कातडी सोलून निघेपर्यंत भाजलेली असेल तर धोका आणखी वाढतो. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' मोहीम निघाली, सिड नावाचा कार्टूनमधला सीगल पक्षी नाचत सांगायचा की शर्ट घाला, सनस्क्रीन लावा, टोपी चढवा. ती पाहत वाढलेल्या पिढीत, म्हणजे चाळिशीच्या आतल्यांमध्ये, मेलॅनोमा कमी होत गेला. पण आज जे पंचाहत्तरीचे आहेत ते तेव्हा तिशीला आलेले होते, त्यांचं बालपण बीचवर उघड्या अंगाने आधीच होऊन गेलं होतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे 'काळजी घेतली नाही' असा दोष त्यांना देणं मला पटत नाही. अर्थात वाढीचा काही भाग लोक जास्त जगतात आणि तपासण्या जास्त होतात यामुळेही आहे.

वयस्कर लोकांची खरी अडचण म्हणजे अंगावर आधीच इतके डाग, तीळ, चामखिळी असतात की नवीन आलेला वेगळा कळतच नाही, पाठीवरचा तर स्वतःला दिसतही नाही, नजर अधू झालेली असते आणि एकटं राहणाऱ्याला सांगणारंही कुणी नसतं. वेडावाकडा आकार, फाटल्यासारखी कडा, एकाच तिळात दोन-तीन रंग, 6 मिलिमीटरपेक्षा मोठा आणि बदलत जाणारा, अशी खूण सांगतात. पण म्हाताऱ्या पुरुषांमध्ये बऱ्याचदा दिसणारा नोड्युलर प्रकार यात बसत नाही, तो गोल, टणक, कधीकधी नुसता गुलाबी गोळा असतो आणि काही आठवड्यांत वाढतो. चेहऱ्यावरचा लेंटायगो मलिग्ना हा प्रकार याच्या उलट, वर्षानुवर्षं वयाच्या डागासारखा पसरत राहतो.

गाठ किती खोल गेली यावर सगळं ठरतं. 1 मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेकदा कापून काढली की काम होतं, 4 च्या पुढे धोका फार वाढतो. पसरलेल्या मेलॅनोमाला पूर्वी जवळपास उपायच नव्हता, आता इम्युनोथेरपी आहे, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा 2015 मध्ये लिव्हर आणि मेंदूपर्यंत गेला होता, वय 90, पण रेडिएशन आणि पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिल्यावर त्याच वर्षाअखेर स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, आणि ते 100 वर्षं जगले.

आपल्याकडे हा कॅन्सर कमी आहे, सावळ्या कातडीतल्या मेलॅनिनमुळे. पण होतो तेव्हा बरेचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली होतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. तळपायाचा काळा डाग कुरूप समजून आजोबा महिनोन्‌महिने कॉर्नकॅप लावत बसतात, नखातली काळी रेघ मुका मार समजून सोडून दिली जाते, आणि डॉक्टरकडे जाईपर्यंत जांघेत गाठ आलेली असते, म्हणजे कॅन्सर तिथवर पसरलेला असतो.