पार्श्वभूमी : जुन्या प्रशिक्षकाच्या वाट्याला ‘यंदाचा’ पुरस्कार का येत नाही?

एप्रिलमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचा, साखळी हंगाम संपतो आणि वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक कोण, याची चर्चा सुरू होते. आमच्याकडे गोव्यात, फोंड्याला ती सकाळी लवकरच रंगते, कारण अमेरिकेतले रात्रीचे सामने इथे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याच्या वेळी चालू असतात. दरवर्षी ही चर्चा एकाच जागी येऊन अडते. वर्षानुवर्षं एकाच संघाला उभं ठेवणाऱ्या माणसाला हा मान का मिळत नाही? मियामी हीटचे एरिक स्पोल्स्ट्रा २००८ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत, २०१२ आणि २०१३ ची विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत, आणि २०२५ पर्यंत पत्रकारांच्या मतांवर ठरणारा हा पुरस्कार त्यांना एकदाही मिळालेला नाही. मला हा अन्याय वाटतो. त्याची मुळं शोधायची तर पुरस्काराच्या पहिल्या वर्षापर्यंत मागे जावं लागतं.

पुरस्कार सुरू झाला १९६२-६३ च्या हंगामात. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पहिला मान सेंट लुईस हॉक्सच्या हॅरी गॅलॅटिन यांना मिळाला. एनबीएत प्रशिक्षक म्हणून त्यांचं ते पहिलंच वर्ष. आदल्या हंगामात हॉक्सनं २९ सामने जिंकले होते आणि ५१ गमावले होते. गॅलॅटिन आल्यावर ४८ जिंकले, ३२ गमावले. त्याच हंगामात बोस्टन सेल्टिक्सनं ५८ सामने जिंकून अजिंक्यपदही घेतलं. त्यांचे प्रशिक्षक होते रेड ऑअरबाख. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच घडलं. सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स ३१ विजयांवरून ४८ वर गेले आणि पुरस्कार त्यांच्या ॲलेक्स हॅनम यांना मिळाला. बोस्टननं ५९ सामने आणि अजिंक्यपद जिंकलं. ऑअरबाख यांना तो अखेर १९६५ मध्ये मिळाला, तेवढा एकदाच. विजेतेपदं नऊ, पुरस्कार एक. आज जो करंडक दिला जातो, त्याला नाव मात्र त्यांचंच आहे.

म्हणजे मोजपट्टी सुरुवातीलाच ठरून गेली होती. संघ किती चांगला खेळला यापेक्षा, लोकांना वाटलं होतं त्याहून किती चांगला खेळला, हे पाहायचं. १९६७ मध्ये शिकागो बुल्स अगदी नवा संघ होता. त्यानं ३३ सामने जिंकले, ४८ हरला, तरी प्रशिक्षक जॉनी केर यांना पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी फिलाडेल्फियानं ८१ पैकी ६८ सामने जिंकले होते. २००० मध्ये ऑर्लँडोचे डॉक रिव्हर्स यांचा संघ ४१ विजय आणि ४१ पराभव अशा बरोबरीत राहिला, बाद फेरीतही पोहोचला नाही, आणि पुरस्कार त्यांना मिळाला. फिल जॅक्सन यांच्या लेकर्सनी तेव्हा ६७ सामने जिंकले होते. केर आणि रिव्हर्स यांनी मेहनतच केली नाही, असं मी म्हणणार नाही. दुबळ्या संघाला उभं करणं अवघडच असतं. पण उभा राहिलेला संघ दहा-पंधरा वर्षं उभा ठेवणं त्याहून सोपं आहे, असं कोणी ठरवलं? रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात. इथे रोज जिंके त्याला कोण पुसे, अशी गत आहे.

मतदानाची रीतही या समजुतीला बळ देते. मतं देतात क्रीडापत्रकार आणि समालोचक. प्रत्येकानं तीन नावं क्रमानं लिहायची. पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १ गुण. विचार फक्त साखळी सामन्यांचा होतो, अजिंक्यपदाची लढत त्यात धरली जात नाही. त्यामुळे पुरस्कार आणि अजिंक्यपद एकाच वर्षी एकाच माणसाकडे आले, असं फार थोड्या वेळा घडलं: १९६५, १९७०, १९७२, १९९६, २००३, २०१४. फिल जॅक्सन यांच्याकडे प्रशिक्षक म्हणून अकरा विजेतेपदं आहेत, पुरस्कार मात्र १९९६ चा एकच, आणि तोही बुल्सनी ८२ पैकी ७२ सामने जिंकले तेव्हा. पुढच्या वर्षी त्यांनी ६९ जिंकले, तर पुरस्कार मियामीचे पॅट रायली यांच्याकडे गेला. डेट्रॉइटला १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवून देणारे आणि १९९२ च्या ऑलिंपिकमधला अमेरिकेचा ‘ड्रीम टीम’ हा संघ सांभाळणारे चक डेली यांच्या वाट्याला तो कधीच आला नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते जेरी स्लोन यांचं. डिसेंबर १९८८ मध्ये ते युटा जॅझचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये बाजूला झाले. शिकागोतला सुरुवातीचा काळ धरून त्यांच्या नावावर १,२२१ विजय आहेत. युटाचे खेळाडू जॉन स्टॉक्टन आणि कार्ल मलोन यांचा ‘पिक अँड रोल’ (एकानं बचावपटूची वाट अडवायची आणि मग बास्केटकडे वळून साथीदाराकडून चेंडू घ्यायचा, ती चाल) सगळ्या जगाला ठाऊक होता. प्रत्येक संघ त्याची तयारी करून यायचा आणि तरी तो चालायचा. हे दोघांच्या गुणांचं श्रेय आहेच, पण तीच चाल वर्षानुवर्षं, तेवढ्याच नेमकेपणानं करून घेणारा माणूस बाजूला उभा होता. १९९७ मध्ये ६४ विजय, १९९८ मध्ये ६२, दोन्ही वर्षी अंतिम फेरी. १९९८ चा पुरस्कार गेला लॅरी बर्ड यांना. प्रशिक्षक म्हणून त्यांचं पहिलं वर्ष होतं आणि इंडियाना ३९ विजयांवरून ५८ वर गेला होता.

मग आलं २००३-०४. स्टॉक्टन निवृत्त झाले, मलोन दुसऱ्या संघात गेले. युटा तळाला जाणार, असंच सगळे धरून चालले होते. स्लोन यांनी त्या संघाकडून ४२ सामने जिंकून घेतले. अपेक्षेच्या मोजपट्टीनं पाहिलं तरी हे त्यांचं वर्ष होतं. तरीही ते दुसरे आले. पहिले आले मेम्फिसचे ह्युबी ब्राउन, वय ७० वर्षं. त्यांचा संघ २८ विजयांवरून ५० वर गेला होता. ब्राउन यांना हाच पुरस्कार आधी १९७८ मध्ये मिळाला होता, म्हणजे मधे २६ वर्षं गेली होती.

हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण ‘म्हाताऱ्यांना डावलतात’ असं सरसकट म्हणणं चुकीचं ठरेल. वय आड येत नाही. सातत्य आड येतं. ब्राउन सत्तरीचे होते, पण मेम्फिसला नवे होते. त्यांच्या येण्यानं काय बदललं ते बोट ठेवून दाखवता येत होतं. स्लोन कुठून येणार होते? ते तिथेच होते. सॅन अँटोनिओचे ग्रेग पॉपोविच यांना मात्र एकाच संघात राहून २००३, २०१२ आणि २०१४ असा तीनदा मान मिळाला, आणि मतदारांच्या बाजूनं ते नोंदवायलाच हवं. पण १,३९० विजय आणि पाच विजेतेपदं, अशी कारकीर्द किती जणांची असते?

प्रशिक्षकांना स्वतःला हे जाणवत असावं. त्यांच्या संघटनेनं २०१७ पासून आपला वेगळा पुरस्कार सुरू केला. तीस संघांचे तीस मुख्य प्रशिक्षक मत देतात. स्वतःला मत देता येत नाही. पहिल्याच वर्षी तो दोघांना विभागून मिळाला, ह्यूस्टनचे माइक डँटोनी आणि स्पोल्स्ट्रा. पत्रकारांनी एकट्या डँटोनींना निवडलं होतं. त्या हंगामात मियामीनं पहिल्या ४१ सामन्यांत ११ जिंकले आणि पुढच्या ४१ मध्ये ३०. बाद फेरी थोडक्यात हुकली. अर्ध्या हंगामात कोसळलेला संघ फुटू न देता परत वर आणणं म्हणजे काय, हे रोज त्याच बाकावर बसणाऱ्यांना कळलं. २०२२ मध्ये एनबीएच्या पंचाहत्तरीनिमित्त आजी-माजी प्रशिक्षकांच्या मतांनी पंधरा थोर प्रशिक्षक निवडले गेले, त्यांत डेली, स्लोन आणि स्पोल्स्ट्रा तिघेही आहेत. माझ्या मते खरा निकाल तोच.

गोव्यात हा विषय परका नाही. अर्मांदो कुलासो यांनी धेंपो क्लबला फुटबॉलची पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, त्यांतलं शेवटचं २०११-१२ चं. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, तोही जीवनगौरव विभागात, वयाची सत्तरी ओलांडल्यावर. आम्हा सगळ्यांना आनंद झाला. पण १९८५ मध्ये सुरू झालेल्या या पुरस्काराच्या नेहमीच्या विभागात शिष्यांच्या आंतरराष्ट्रीय कामगिरीकडे पाहिलं जातं. ज्या खेळात आपल्याकडे पदकंच येत नाहीत, त्या खेळातल्या प्रशिक्षकानं मग काय करायचं? फुटबॉलची ही कथा, तर बास्केटबॉलचं काय सांगावं. जीवनगौरव हा मोठाच मान आहे, पण ‘यंदा तुम्ही सर्वोत्तम होता’ हे त्याच वर्षी ऐकण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

आमच्या शाळेच्या सरांना दोन्हीपैकी काहीच मिळालं नाही. पावसाळा सरला की काँक्रीटच्या कोर्टावर शेवाळाचा हिरवा थर असायचा. ऑक्टोबरच्या सुटीत सर तारेचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडर घेऊन स्वतः उकिडवे बसून तो खरवडायचे, मग सुतळी ताणून चुन्यानं रेषा मारायचे. पहिला महिनाभर आम्हाला बास्केटकडे चेंडू टाकायला मिळायचाच नाही. “पाय बघ रे, चेंडू मागाहून,” एवढंच. दरवर्षी नवी मुलं, दरवर्षी तेच पाय. आमची शाळा तालुक्यात पहिली किंवा दुसरी यायची, आणि ते इतकं ठरलेलं झालं की त्यात सरांचं काही आहे हेच कुणाला दिसेना. ज्या वर्षी दुसरी एक शाळा अचानक अंतिम फेरीत आली, त्या वर्षी तिथल्या नव्या शिक्षकांना व्यासपीठावर बोलावून शाल दिली. त्यांनी ती कमावली होती. आमचे सर पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते.

माझं त्या स्पर्धेचं प्रमाणपत्र अजून जपून ठेवलेलं आहे. त्यावर माझं नाव आहे, शाळेचं नाव आहे, क्रमांक आहे, खाली दोन सह्या आहेत. प्रशिक्षकाच्या नावासाठी ओळच नाही. गेल्या वर्षी भाच्याला मिळालेलं पाहिलं, त्यावरही नाही. ती ओळ छापायला वेगळा खर्च येत नाही, कोणाचं मत घ्यावं लागत नाही, आणि पुढच्या हंगामाची प्रमाणपत्रं अजून छापायला गेलेली नाहीत.