अ ब्रीफ हिस्टरी ऑफ सेव्हन किलिंग्ज

जमैकन कादंबरीकार मार्लन जेम्स यांची २०१४ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी. २०१५ चा मॅन बुकर पुरस्कार तिला मिळाला आणि जेम्स हे बुकर मिळवणारे पहिले जमैकन लेखक ठरले. नावाचा अर्थ ‘सात हत्यांचा संक्षिप्त इतिहास’. प्रत्यक्षात पुस्तक सातशे पानांच्या घरात जाते, आणि मुडदे मोजायला बसले तर सातावर भागत नाही.

कादंबरीचा गाभा खरा आहे. ३ डिसेंबर १९७६ च्या रात्री जमैकाची राजधानी किंग्स्टनमधील ५६, होप रोड या रेगे गायक बॉब मार्लींच्या घरात बंदूकधारी घुसले. तालमीची मधली सुट्टी होती. मार्ली स्वयंपाकघरात उभे राहून ग्रेपफ्रूट खात होते. त्यांच्या छातीला गोळी चाटून गेली आणि दंडात शिरली. पत्नी रीटा यांच्या डोक्याला गोळी लागली, तर व्यवस्थापक डॉन टेलर यांना अनेक गोळ्या लागल्या. आश्चर्य म्हणजे मेले कोणीच नाही. दोनच दिवसांनी मार्ली ‘स्माइल जमैका’ या जाहीर मैफलीत गायले, शेवटी लोकांना जखमा दाखवल्या आणि देश सोडून गेले. हल्लेखोरांना न्यायालयात शिक्षा अशी कधी झालीच नाही.

हल्ला का झाला, हे कळायला तेव्हाचे किंग्स्टन समजून घ्यावे लागते. मराठी वाचकाला हे शहर ठाऊक असते ते सबाइना पार्कमुळे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथल्या कसोटीत अंशुमन गायकवाडांच्या कानावर चेंडू बसला होता आणि भारताचा दुसरा डाव ५ बाद ९७ वर संपला होता, कारण बॅट धरायला धड माणूस उरला नव्हता. मैदानाबाहेरच्या गरीब वस्त्या मात्र वेगळ्याच सामन्यात वाटल्या गेल्या होत्या. एकीकडे पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांची समाजवादी, क्यूबाशी सलगी ठेवणारी पीपल्स नॅशनल पार्टी. दुसरीकडे एडवर्ड सिआगा यांची अमेरिकेकडे झुकलेली जमैका लेबर पार्टी. घर, काम आणि संरक्षण पक्षाकडून मिळायचे, बदल्यात अख्खी वस्ती एकगठ्ठा मत द्यायची. हिशेब चोख ठेवायला बंदूकवाले असत. वस्तीच्या दादाला तिकडेही ‘डॉन’च म्हणतात. निवडणूक १५ डिसेंबरला लागली आणि पक्षातीत म्हणून ठरलेली मैफल मॅन्लींच्या प्रचारासारखी दिसू लागली. हल्ल्यामागे सीआयए ही अमेरिकन गुप्तचर संस्था असल्याची वदंता आजही आहे. कादंबरी ती गृहीत धरून खेळते, शाबीत करायला जात नाही.

सिआगांनी मंत्री असताना बॅक-ओ-वॉल ही झोपडपट्टी पाडून तिवोली गार्डन्स ही वसाहत उभारली होती. कादंबरीत तीच ‘कोपनहेगन सिटी’ होते. मूळ तिवोली गार्डन्स हे कोपनहेगनमधले उद्यान, एवढी ती खोच.

रचना पाच भागांची आहे आणि प्रत्येक भाग एकाच दिवसाचा. पहिले दोन भाग डिसेंबर १९७६ मधले लागोपाठचे दिवस. मग १९७९, १९८५ आणि १९९१. आरंभी ७५ हून अधिक पात्रांची यादी दिली आहे आणि वाचताना बोट तिथे ठेवावेच लागते. निवेदकांत थकलेला डॉन पापा-लो आहे, त्याची गादी बळकावणारा जोसी वेल्स आहे, तुरुंगात बर्ट्रांड रसेल वाचलेला वीपर आहे. सीआयएचा माणूस, अमेरिकन संगीत-पत्रकार आणि खून झालेल्या एका राजकारण्याचे भूतही बोलते. बोलत नाही तो फक्त मार्ली. त्याला नावही नाही. सगळे त्याला ‘सिंगर’, नुसता गायक म्हणतात. ज्याच्यावर गोळ्या झाडल्या त्याचे मनोगत गाळून झाडणाऱ्यांचे, पाहणाऱ्यांचे आणि त्यावर पोट भरणाऱ्यांचे ऐकवायचे, ही जेम्स यांची सर्वांत धाडसी निवड. हल्ल्यानंतर बॅम-बॅम या पोरगेल्या बंदूकवाल्याला जिवंत पुरतात तेव्हा गद्य तुटून ओळी कवितेसारख्या उतरू लागतात. तोंडात माती जाताना वाक्य पुरे होणार तरी कसे?

लक्षात राहते ती नीना बर्जेस. गायकाबरोबर एकदा रात्र काढलेली ही मध्यमवर्गीय तरुणी घरच्यांच्या अमेरिकन व्हिसासाठी मदत मागायला त्याच्या फाटकाशी उभी राहते आणि हल्ल्याची साक्षीदार होते. जोसी वेल्सने आपल्याला पाहिले, या धास्तीने ती पुढची पंधरा वर्षे पळते. किम क्लार्क, डॉर्कस पामर, मिलिसेंट सीग्री अशी नावे बदलत माँटेगो बेहून न्यूयॉर्कला पोचते. चौथा भाग क्रॅक या कोकेनच्या प्रकाराच्या धंद्यात अंमळ सैल पडतो, पण नीनाची प्रकरणे तो तोलून धरतात.

भाषा हा वाचकाचा खरा कस. बंदूकवाले पाटवा या जमैकन बोलीत बोलतात, शिक्षित पात्रे माणूस बघून बोली आणि प्रमाण इंग्रजी यांत ये-जा करतात, आणि ‘बॉम्बोक्लॉथ’ ही शिवी जागोजागी भेटते. मोठ्याने वाचले की बरेच उलगडते. एक शब्द मात्र आपल्याला अडणार नाही : गांजा. १८४५ पासून जमैकात गेलेल्या भारतीय गिरमिटियांनी, म्हणजे करारबद्ध मजुरांनी, तो तिथे नेला.

जेम्स यांचा जन्म १९७० चा, म्हणजे हल्ल्याच्या वेळी ते सहा वर्षांचे होते. पहिली कादंबरी सत्तरहून अधिक वेळा नाकारली गेल्याने त्यांनी लिखाण जवळजवळ सोडले होते. ही त्यांची तिसरी.

जोसी वेल्स तुरुंगाच्या कोठडीत जळून मरतो. तिवोलीचा खरा डॉन लेस्टर लॉइड कोक १९९२ मध्ये तसाच मेला. गादी मुलाकडे, क्रिस्टोफर ‘डूडस’ कोककडे गेली. २०१० मध्ये त्याला पकडून अमेरिकेच्या हवाली करण्यासाठी फौजा तिवोलीत शिरल्या, तेव्हा सत्तरच्या आसपास माणसे मारली गेली. कादंबरी त्याआधीच, १९९१ मध्ये थांबते.